कुंपण छाटायचं पेट्रोलवरचं मशीन टिकवायचं असेल तर

मेंदीचं नाहीतर डुरांटाचं कुंपण छाटलं, की पात्यावर चीक आणि धूळ मिळून काळा थर बसतो. तो वाळू देऊ नका. मशीन बंद करून स्पार्क प्लगची टोपी काढा, डिझेलमध्ये बुडवलेल्या जुन्या ब्रशनं पाती घासा, पुसा आणि वरून पातळ तेल सोडा. एअर फिल्टरही झटका. मराठवाड्यात उन्हाळ्यात फुफाटा काय कमी असतो!

इंजिन टू-स्ट्रोक (ज्याच्या पेट्रोलमध्येच तेल मिसळावं लागतं असं) असेल तर मशीनच्या कंपनीनं सांगितलेल्या मापानंच पेट्रोलमध्ये तेल घाला. ५०:१ म्हणजे लिटरला २० मिली. ‘अंदाजे झाकणभर’ चालत नाही. महिनाभर काम नसेल, तर टाकी रिकामी करून मशीन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा. हल्लीचं इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल ओल धरतं आणि कार्बोरेटर (इंजिनासाठी पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग) चोंदतो.