अर्क आणि प्रतिजैविक: चेकरबोर्ड चाचणी लावताना

वनस्पतीच्या अर्कामुळे प्रतिजैविकाचा (अँटिबायोटिकचा) जोर वाढतो का, हे डिस्कभोवती (औषध लावलेल्या कागदी चकतीभोवती) जिवाणू न वाढलेल्या वर्तुळावरून ठरवू नका. अर्कातले मोठे रेणू आगारात (जिवाणू वाढवायच्या जेलीत) नीट पसरत नाहीत, त्यामुळे वर्तुळ दोन मिलिमीटरने वाढले तरी त्यातून फारसे काही कळत नाही. ९६ वेलच्या (खळग्यांच्या) प्लेटमध्ये चेकरबोर्ड लावा, म्हणजे दोन्हींच्या वेगवेगळ्या मात्रांच्या जोड्या एकाच प्लेटमध्ये तपासा. प्रतिरोधी जिवाणूंचे काम जैवसुरक्षा पातळी २ च्या प्रयोगशाळेतच करायचे.

सावलीत वाळवलेली पूड दहापट ८० टक्के इथेनॉलमध्ये ४८ तास ठेवा, गाळा आणि ४० अंशांखाली रोटरी इव्हॅपोरेटरवर आटवा. वजन स्थिर होईपर्यंत सुकवा. उरलेले इथेनॉलही वाढ रोखते. २०४.८ मिलिग्रॅम अर्क डीएमएसओ (डायमिथाइल सल्फॉक्साइड) या द्रावकात विरघळवून १ मिलिलिटर करा. गाळायचा असेल तर पीटीएफईचा (टेफ्लॉनचा) ०.२२ मायक्रॉन फिल्टर घ्या, सेल्युलोज अ‍ॅसिटेटचा डीएमएसओत टिकत नाही.

आधी दोन्हींची एमआयसी (वाढ थांबवणारी सर्वांत कमी मात्रा) वेगवेगळी काढा. समजा, सिप्रोफ्लॉक्सॅसिनची ३२ आणि अर्काची ५१२ मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर आली. म्युलर-हिंटन ब्रॉथ (जिवाणू वाढवायचे द्रव माध्यम) कॅल्शियम-मॅग्नेशियम समायोजित हवा. स्टॅफिलोकोकस ऑरियस एटीसीसी २९२१३ या प्रमाणित जिवाणूवर सिप्रोफ्लॉक्सॅसिनची एमआयसी ०.१२ ते ०.५ मध्ये आली नाही, तर पुढे जाऊ नका.

स्तंभ १ ते १० मध्ये प्रतिजैविक ६४ पासून निम्मे-निम्मे करत ०.१२५ पर्यंत, ए ते जी ओळींत अर्क १०२४ ते १६. एच ओळीत अर्क नाही, स्तंभ ११ मध्ये प्रतिजैविक नाही, म्हणजे एच ११ हे वाढीचे नियंत्रण. स्तंभ १२ मध्ये ए ते जी वेलांत जिवाणूंविना नुसता अर्क आणि एच १२ मध्ये नुसता ब्रॉथ. हा स्तंभ बरेच जण वगळतात आणि तिथेच फसतात.

दोन्ही द्रावणे चौपट तीव्रतेची करून प्रत्येक वेलमध्ये ५०-५० मायक्रोलिटर घाला. जिथे एखादे नाही, तिथे तेवढाच ब्रॉथ. अर्क पातळ करायचा ब्रॉथ आणि एच ओळीत अर्काऐवजी जाणारा ब्रॉथ, दोन्हींत २ टक्के डीएमएसओ ठेवा, म्हणजे शेवटी सगळीकडे ०.५ टक्केच राहील. ताज्या कॉलनींचे ०.५ मॅकफार्लंड (ठरावीक गढूळपणाचे) द्रावण शंभरपट पातळ करून १०० मायक्रोलिटर घाला (स्तंभ १२ मध्ये नुसता ब्रॉथ). मिलिलिटरमागे साधारण ५ लाख पेशी होतात. ३५ अंशांवर १६ ते २० तास. एमआरएसए (मेथिसिलिनला प्रतिरोधी स्टॅफिलोकोकस ऑरियस) आणि ऑक्सॅसिलिन असेल तर २ टक्के मीठ आणि पूर्ण २४ तास.

गडद अर्कात गढूळपणा दिसत नाही. रेझाझुरिन (जिवंत पेशींमुळे निळ्याचे गुलाबी होणारे रंगद्रव्य) घातले तर फिनॉलयुक्त अर्क स्वतःच त्याला गुलाबी करतो. स्तंभ १२ गुलाबी झाला की तो निकाल बाद. तेव्हा ६०० नॅनोमीटरच्या प्रकाशात गढूळपणाचे सुरुवातीचे आणि शेवटचे वाचन घेऊन फरक पाहा. गाळ बसत असेल तर निवडक वेलांतल्या कॉलनी मोजा.

जोडीत सिप्रोफ्लॉक्सॅसिन ४ आणि अर्क १२८ ला वाढ थांबली, तर ४/३२ अधिक १२८/५१२, म्हणजे ०.३७५. ही बेरीज ०.५ किंवा कमी असेल तरच सिनर्जी (एकमेकांचा जोर वाढवणे). ४ हून जास्त असेल तर विरोध. मधले सगळे 'परस्परपरिणाम नाही'. ०.७५ ला 'अंशतः सिनर्जी' म्हणण्यात अर्थ नाही, कारण एमआयसी एका पायरीने इकडेतिकडे होतेच. वेगवेगळ्या दिवशी तीनदा करा.

टॅनिनची (वनस्पतींतल्या तुरट फिनॉलयुक्त पदार्थांची) फसवणूक सगळ्यांत मोठी. ते माध्यमातली प्रथिने आणि धातूंचे आयन धरून ठेवतात, जिवाणू उपाशी राहतात आणि अर्क प्रभावी भासतो. पॉलिव्हिनाइलपॉलिपायरोलिडोनने टॅनिन काढून चाचणी पुन्हा लावा. परिणाम गेला, तर तो टॅनिनचा होता. राहिला, तर एफ्लक्स पंप (औषध पेशीबाहेर फेकणारी प्रथिने) तपासण्यात अर्थ आहे. मिरीतले पिपेरिन स्टॅफिलोकोकसचा नॉरए पंप अडवते.

ग्रॅम-निगेटिव्हमध्ये बाहेरच्या आवरणामुळे अर्काची एमआयसी अनेकदा १०२४ च्या वर जाते. तिथे बेरीज काढू नका. अर्काची एकच ठरावीक मात्रा ठेवून प्रतिजैविकाची एमआयसी किती पट घटली तेवढे सांगा. इतकी मात्रा रक्तात गाठणे जवळपास अशक्य, हेही लिहा.

चांगली दिसलेली जोडी टाइम-किलने पडताळा: ०, ४, ८, २४ तासांना कॉलनी मोजा. एकटे वापरल्यावर जास्त प्रभावी ठरलेल्या घटकापेक्षा जोडीने २४ तासांत पेशी शंभरपट कमी केल्या पाहिजेत, आणि दोहोंपैकी निदान एकाची मात्रा अशी हवी की एकट्याने वाढीवर काहीच परिणाम होत नाही.