पृथ्वीत किती कोयना मावतील? घनफळाचं गणित करताना या चुका टाळा

विज्ञान प्रदर्शनाच्या तक्त्यासाठी भाच्याला एकच आकडा हवा होता: पृथ्वी पोकळ असती, तर तिच्यात किती कोयना धरणं रिकामी करता आली असती? पहिलं उत्तर आलं ३ लाख ६३ हजार. दुसऱ्यांदा करून बघितलं तर २ लाख ९० हजार कोटी. दोन्ही उत्तरांखाली ठसठशीत दुहेरी रेघ.

वरणात मीठ दुप्पट पडलं तर पहिल्या घासाला कळतं. इथे मात्र दहा लाख पटींची चूक झाली तरी डोळ्यांना सगळी शून्यंच दिसतात. म्हणून अशा वेळी मी गणित पुन्हा पहिल्यापासून करत बसत नाही. दोन उत्तरांत किती पटींचा फरक आहे तेवढं काढतो. पट कळली की चोर सापडतो.

पहिल्या उत्तरातला चोर दहा लाख पटींचा होता. किलो म्हणजे हजार, म्हणून घनकिलोमीटर म्हणजे हजार घनमीटर, असं हात आपोआप लिहून जातो. पण हजार लांबीला, हजार रुंदीला आणि हजार उंचीला. झाले १०० कोटी घनमीटर. गच्चीवरची हजार लिटरची टाकी म्हणजे एक घनमीटर, हे डोक्यात ठेवलं की पुढचं सोपं जातं. एक घनकिलोमीटर म्हणजे अशा १०० कोटी टाक्या, म्हणजेच १ लाख कोटी लिटर. फरक नेमका हजार पटींचा असेल, तर लिटर आणि घनमीटर यांची सरमिसळ झाली आहे असं खुशाल समजा.

दुसरं उत्तर खऱ्या उत्तराच्या नेमकं आठपट होतं. त्रिज्येच्या जागी व्यास घातला की हेच होतं, कारण दोनाचा घन आठ. पृथ्वीची सरासरी त्रिज्या ६,३७१ किमी. १२,७४२ हा व्यास. याच घनाचा दुसरा फटका गुरूच्या बाबतीत बसतो. गुरू पृथ्वीच्या अकरा पट रुंद आहे, म्हणून त्यात अकरा पृथ्व्या मावतील असं वाटतं. प्रत्यक्षात मावतात सुमारे १,३००.

आता टीएमसी. पावसाळ्यात सगळ्यांच्या तोंडी असलेला हा शब्द सर्वांत जास्त घोळ घालतो. यातला ‘टी’ ट्रिलियनचा नाही, थाउजंडचा. हजार दशलक्ष घनफूट, म्हणजे १०० कोटी घनफूट. वाळू-खडीचा हिशेब करणाऱ्यांना तो लगेच समजेल: एक ब्रास १०० घनफुटांचा, तेव्हा एक टीएमसी म्हणजे एक कोटी ब्रास! लिटरमध्ये सुमारे २,८३२ कोटी. पश्चिम महाराष्ट्रातल्या बातम्या बहुधा टीएमसीत असतात, मराठवाड्यातल्या बऱ्याचदा दलघमीत, म्हणजे दशलक्ष घनमीटरमध्ये. जायकवाडीचे २,९०९ दलघमी आणि १०२.७ टीएमसी हे एकच पाणी. उत्तर २८ पटींनी हललं असेल, तर इथे बघा. सुमारे १०.७६ पट दिसली, तर फुटाचा मीटर करताना घन करायचा राहिला आहे.

क्युसेक हे तर माप साठ्याचं नाहीच, वाहण्याचं आहे: सेकंदाला किती घनफूट. सुमारे साडेअकरा हजार क्युसेकचा विसर्ग अख्खा दिवस चालला की एक टीएमसी पाणी जातं. शिवाय एकूण साठा आणि उपयुक्त साठा वेगळे. उजनी ‘शून्य टक्के’ झालं तरी तळाशी ६३ टीएमसीच्या वर मृत साठा असतो. तुलना करताना कोणता आकडा घेतला ते लिहून ठेवा.

मिलियन म्हणजे दहा लाख, बिलियन म्हणजे शंभर कोटी. इंग्रजी तक्त्यातून आकडा उचलताना दहापट चुकते ती इथे. गॅलनचं दुखणं बारीक असल्यामुळे सहज निसटतं: अमेरिकी गॅलन ३.७८५ लिटरचा, ब्रिटिश ४.५४६ लिटरचा. आणि उत्तर पाऊणपट आलं, तर संगणकाच्या प्रोग्रॅममध्ये गोलाच्या घनफळाच्या सूत्रातलं (४/३ × π × त्रिज्येचा घन) ४ भागिले ३ कसं लिहिलं ते तपासा. सी किंवा जावामध्ये पूर्णांक भागाकार अपूर्णांक टाकून देतो, आणि ४/३ चं उत्तर १ येतं.

एक चूक आकड्यांची नाही, समजुतीची आहे. ‘पृथ्वीवर ७१ टक्के पाणी’ हे वाक्य पृष्ठभागाबद्दल आहे. महासागरांचं घनफळ सुमारे १३३ कोटी घनकिलोमीटर, पृथ्वीचं १ लाख ८ हजार कोटी. म्हणजे घनफळात पाणी हजारी जेमतेम सव्वा! पृथ्वीवरच्या सगळ्या पाण्याचा एकच गोळा केला, तर त्याचा व्यास साधारण १,३८५ किमी भरेल. मुंबईहून राजधानीने दिल्ली गाठण्याएवढा.

आता भाच्याचं उत्तर. कोयनेचे १०५.२५ टीएमसी म्हणजे २.९८ घनकिलोमीटर, आणि पृथ्वीत मावणाऱ्या कोयना सुमारे ३६ हजार कोटी. पुढचे अंक लिहू नका, धरणातला गाळ तेवढी अचूकता टिकू देत नाही. तक्त्यावर पृथ्वी लिटरमध्येही हवी होती. फोनवर आलं १.०८ई२४, त्यातला ‘ई’ म्हणजे पुढे दहाचा २४ वा घात. आपली जुनी यादी खर्व, निखर्व, महापद्म करत परार्धापाशी, सतरा शून्यांवर थांबते. सात शून्यं उरली. भाच्याने लिहिलं, ‘सुमारे एक कोटी परार्ध लिटर.’