कमवा आणि शिका: कष्टाचे पैसे अडकवणाऱ्या या चुका टाळा

नाशिकमधली आर्ट्स, कॉमर्स, सायन्सची बहुतेक कॉलेजं सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाला जोडलेली आहेत. तिथल्या मुलांना कॉलेजातच काम मिळण्याचा सरळ मार्ग म्हणजे कर्मवीर भाऊराव पाटील कमवा व शिका योजना. ग्रंथालयात पुस्तकं लावणं, लॅबची आवराआवर, ऑफिसातल्या नोंदी, बागकाम अशी कामं असतात. दिवसाला साधारण ३ तास काम आणि मोबदला तासावर. पेठ, सुरगाणा, हरसूलकडून येऊन खोली करून राहणाऱ्या मुलांना या पैशांचा मेसच्या बिलाला मोठा हातभार लागतो. ते दोन महिने अडकले तर घरी मागायची सोय नसते. मी कॉलेजच्या ग्रंथालयात काम करते, या मुलांची हजेरी माझ्याकडे असते. काम केलं नाही म्हणून पैसे अडकलेत, असं मला क्वचितच दिसतं. बहुतेक वेळा ते कागदावर अडकतात.

सगळ्यात मोठा घोळ बँक खात्याचा. शाळेत शिष्यवृत्तीसाठी उघडलेलं खातं मुलं तसंच फॉर्मवर लिहून देतात. गेल्या वर्षी सुरगाण्याकडच्या एका मुलीने पासबुक पुढे केलं. त्यावरचा फोटो दोन वेण्यांतला, सातवीतला. पालक म्हणून वडिलांचा अंगठा आणि शेवटची नोंद तीन वर्षांपूर्वीची. अशा खात्यात दोन अडचणी एकदम असतात. अल्पवयीन म्हणून उघडलेलं खातं १८ पूर्ण झाल्यावर स्वतःच्या नावावर नीट करून घ्यावं लागतं. त्यासाठी नवीन सही, फोटो आणि केवायसी द्यावी लागते. शिवाय २ वर्षांहून जास्त काळ खातेदाराने एकही व्यवहार केला नाही, तर बँक ते खातं निष्क्रिय धरते. निष्क्रिय खातं पुन्हा सुरू करायला बँक शुल्क घेऊ शकत नाही, आणि त्यासाठी केवायसी अद्ययावत करण्याची सोय बँकेच्या सगळ्या शाखांत असली पाहिजे, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. म्हणजे नुसतं खातं चालू करायला एसटीचं भाडं खर्चून गावच्या शाखेत जाण्याआधी नाशिकमधल्या शाखेत जाऊन विचारा. हे अर्ज भरायच्या आधी करा, तुमच्या मोबदल्याचं पहिलं बिल परत आल्यावर नको.

पासबुक जुनं असेल तर आयएफएससी कोड आजचा आहे ना, हे शाखेत विचारून घ्या. देना बँक १ एप्रिल २०१९ ला बँक ऑफ बडोदात विलीन झाली. सिंडिकेट, आंध्रा, कॉर्पोरेशन, अलाहाबाद या बँका २०२० मध्ये दुसऱ्या बँकांत गेल्या. तरी घरात पासबुक जुनंच असतं आणि मुलं त्यावरून कोड उतरवतात. आणखी एक बारीक गोष्ट: कोडमधलं पाचवं अक्षर शून्य असतं, इंग्रजी ‘ओ’ नव्हे. हाताने भरलेल्या फॉर्मवर ही चूक नेहमी दिसते. त्यापेक्षा पासबुकच्या पहिल्या पानाची स्वच्छ झेरॉक्स जोडावी. आधार, कॉलेज आणि बँक या तिन्हीकडे नावाचं स्पेलिंग एकच आहे ना, तेही बघा.

दुसरी चूक हजेरीपत्रकातली. महिनाअखेरीला एकदम सगळ्या सह्या करायच्या, ही सवय वाईट. कोणत्या दिवशी किती तास केले ते आठवत नाही, मग अंदाजे आकडे पडतात. कामाची वेळ ११ ते १ लिहिलेली आणि त्याच वेळी वर्गात लेक्चरची हजेरी लागलेली, असं निघालं की ते तास कापले जातात. मुलाने खरं काम केलेलं असतं, फक्त वेळ चुकीची मांडलेली असते. मला याचं फार वाईट वाटतं. त्या दिवशीची सही त्याच दिवशी करा. सर किंवा मॅडम रजेवर असतील तर कोण सही करणार, हे आधीच विचारा. मैत्रिणीला आपली सही करायला सांगू नका. महिना संपला की पत्रक ऑफिसात जाण्याआधी त्या पानाचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा.

तरीही पैसे आले नाहीत तर? आधी पासबुक भरून आणा. कधी कधी रक्कम आलेली असते, मेसेज आलेला नसतो. मग कॉलेजात ही योजना बघणाऱ्या विद्यार्थी विकास अधिकाऱ्यांना भेटा. “सर, पैसे कधी येणार?” असं विचारलं की “येतील” एवढंच उत्तर मिळतं. “सर, ऑगस्टचं बिल गेलं का? माझं नाव आणि ४० तास त्यात आहेत का? रक्कम परत आली आहे का?” असं विचारलं तर यादी काढून बघावीच लागते. तोंडी काम झालं नाही तर लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. यात संकोच कसला? हा तुमच्या कष्टाचा पैसा आहे.

दुसऱ्या सत्रात वेगळीच अडचण येते. जानेवारी ते मार्च द्राक्षांचा हंगाम. दिंडोरी, पिंपळगावच्या पॅकहाऊसमध्ये रोजंदारी मिळते आणि मुलं न सांगता कॉलेजचं काम सोडून जातात. गरज मी समजू शकते. पण न कळवता गेलात तर ती जागा दुसऱ्याला जाते, आणि ७५ टक्के हजेरी नसेल तर परीक्षेच्या तोंडावर धावपळ होते. रविवारी जा, प्रॅक्टिकलचे दिवस सोडून जा, पण आधी सांगून जा.

बाहेरचं काम शोधताना मात्र डोळे उघडे ठेवा. घरबसल्या टायपिंगच्या नावाखाली नोंदणीचे पैसे मागणारे, आणि पुढे ‘करार मोडला’ म्हणून वकिलाच्या नोटिशीची धमकी देणारे बरेच आहेत. काम देणारा कधी तुमच्याकडून पैसे घेत नाही. त्याहून धोक्याचं म्हणजे ‘तुझं खातं आणि एटीएम कार्ड वापरायला दे, महिन्याला इतके देतो’ हे आमिष. त्या खात्यातून फसवणुकीचा पैसा फिरतो, खातं गोठतं आणि पोलीस आधी खातेदाराकडे येतात. त्याच खात्यात तुमची शिष्यवृत्ती येत असेल तर तीही अडकते. खातं दिलं असेल तर आजच बँकेत जाऊन लेखी कळवा आणि कार्ड बंद करा. कुणी फसवून पैसे काढले असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा. रक्कम पुढच्या खात्यात जाण्याआधी तक्रार पोचली तर ती थांबवता येण्याची शक्यता असते. व्यवहाराचा क्रमांक आणि वेळ हाताशी ठेवूनच फोन लावा.