मँडेट संपलं, लिस्टिंगचं काय करायचं?

एक्सक्लुझिव्ह मँडेट म्हणजे फ्लॅट विकण्यासाठी मालकाने ठरावीक मुदतीपुरता एकाच एजंटाला दिलेला अधिकार. त्याची तारीख उलटली की मालकाच्या वतीने बोलण्याचा एजंटाचा अधिकार संपतो, चावी अजून त्याच्याच ड्रॉवरमध्ये असली तरी. मालक फोनवर "चालू द्या" म्हणाला तर त्याच दिवशी नवी तारीख, अपेक्षित किंमत आणि दलाली लिहून घ्या, व्हॉट्सअ‍ॅपवर का होईना. तोंडी अधिकार कायद्याने चालतो, पण दलालीवरून बिनसलं की तो सिद्ध करताना दमछाक होते.

मुदत वाढवायची नसेल तर आधी जाहिराती उतरवा. सगळी पोर्टल्स, फेसबुक, गेटवरचा बोर्ड, आणि ज्या ब्रोकर ग्रुपांत फ्लॅट टाकला होता तिथे "आता उपलब्ध नाही" असा एक मेसेज. पोर्टलवर पॅकेज चालू असेल तर ऑटो-रिफ्रेश (जाहिरात आपोआप पुन्हा वर येणं) बंद केल्याची खात्री करा. भारतीय करार कायदा, 1872 च्या कलम 208 नुसार एजन्सी संपल्याचं तिऱ्हाइताला कळेपर्यंत त्याच्यापुरती ती संपत नाही. म्हणजे जुनी जाहिरात बघून कुणी तुमच्याकडे टोकन दिलं, तर मालक अडकू शकतो आणि मग तो तुम्हाला धरतो.

लीड (नव्या ग्राहकांच्या चौकश्या) मिळावेत म्हणून विकला गेलेला फ्लॅट मुद्दाम लावून ठेवणं ही तर सरळ फसवणूक. जी सेवा द्यायचीच नाही तिची जाहिरात रेरा (रिअल इस्टेट नियमन) कायद्याच्या कलम 10 मध्ये अनुचित व्यापार प्रथा ठरते. एजंटाची नोंदणी रद्दही होऊ शकते. जुन्या इमारतीतली रीसेल रेरात बसत नसली तरी दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींसाठी 2019 चा ग्राहक संरक्षण कायदा आहेच.

चाव्या मोजून परत द्या आणि पोच घ्या. इंडेक्स टू (नोंदणी झालेल्या व्यवहाराचा सरकारी उतारा), करारनामा, शेअर सर्टिफिकेट यांच्या प्रतीही परत. आधार-पॅनचे फोटो फोनच्या गॅलरीतून आणि ऑफिसच्या ग्रुपमधूनही काढा. नेमके तिथेच ते राहून जातात. तुम्ही आणलेल्या ग्राहकाने नंतर फ्लॅट घेतला तर दलाली मिळेल असं कलम मँडेटमध्ये असेल, तरच नावं आणि व्हिजिटच्या तारखांची यादी मालकाला लगेच मेल करा. नुसती फोनवर चौकशी केलेल्यांची नावं घालून ती यादी फुगवू नका.

दुसऱ्या एजंटाची संपलेली लिस्टिंग घ्यायची असेल तर एक गफलत हमखास होते: पोर्टलवरची जाहिरात संपणं म्हणजे मँडेट संपणं नव्हे. मालकाला पहिला प्रश्न हाच विचारा, "कुणाशी लेखी आहे का, आणि कुठल्या तारखेपर्यंत?" असेल तर त्या तारखेपर्यंत गप्प बसा, करार मोडायला लावलात तर नुकसानभरपाईचा दावा तुमच्यावरही येऊ शकतो. मालकाचा नंबर डीएनडीत (जाहिरातीचे फोन नकोत म्हणून केलेल्या नोंदीत) असेल तर जाहिरातीचा फोन नकोच, तो 1909 वर तक्रार करू शकतो. सोसायटीच्या पत्त्यावर पत्र टाका. आधीच्या एजंटाचे फोटो वॉटरमार्क कापून वापरू नका, नवे काढा.

"माझ्याकडे पार्टी तयार आहे" ही थाप पहिल्याच भेटीत उघडी पडते. त्याऐवजी आयजीआरच्या (नोंदणी महानिरीक्षक कार्यालयाच्या) ई-सर्चवरून त्याच इमारतीतल्या अलीकडच्या व्यवहारांचे इंडेक्स टू घेऊन जा. फ्लॅट पडून राहण्यामागे बहुतेकदा किंमतच असते. नाहीतर ओसी (भोगवटा प्रमाणपत्र) नसणं, थकलेला मेंटेनन्स किंवा बँकेचा बोजा. दराचं बोलणं ते तपासल्यावर.