औषधाच्या डोसचं गणित: पॅरामेडिकनी या चुका टाळा

पॅरामेडिकच्या कोर्सला येणाऱ्या बऱ्याच मुलांनी अकरावीला बायोलॉजी घेताना गणित मुद्दाम सोडलेलं असतं. पुढे डोस काढायची उदाहरणं फळ्यावर आली की चेहरे पडतात. ती भीती उगाच आहे. इथे लॉगॅरिदम नाही, कॅल्क्युलस तर नाहीच. दशांश, शेकडेवारी, गुणोत्तर आणि आपलं जुनं त्रैराशिक, म्हणजे सातवीपर्यंतचं गणित. ते कच्चं असेल तर बालभारतीची पाचवी ते सातवीची पुस्तकं काढून बसावं, लाज कसली?

घोळ होतो तो बहुतेक वेळा गुणाकाराच्या आधी, म्हणजे लेबल वाचताना, किंवा नंतर, म्हणजे सिरिंज भरताना. महाराष्ट्रात १०८ च्या गाडीत डॉक्टर असतो, ऑर्डर त्याची असते. पण औषध ओढणारा हात बऱ्याचदा दुसऱ्याचा असतो. (खालचे आकडे हिशेब समजावा म्हणून दिले आहेत. गाडीत चालणार तो तुमचा प्रोटोकॉल आणि डॉक्टरांची ऑर्डर.)

सूत्र पाठ, अंदाज शून्य

‘हवा तो डोस भागिले हाताशी असलेला डोस, गुणिले मिली’ हे सूत्र सगळ्यांना पाठ असतं. घाईत ते उलटं होतं. नाडी मंदावलेल्या रुग्णाला अ‍ॅट्रोपिन १ मिग्रॅ द्यायचं आहे. आपल्याकडची नेहमीची अँप्युल (फोडायची काचेची कुपी) १ मिलीत ०.६ मिग्रॅची. १ भागिले ०.६, म्हणजे साधारण १.७ मिली. उलटा भागाकार केला तर ०.६ मिली येतं आणि रुग्णाला मिळतं जेमतेम ०.३६ मिग्रॅ. एवढ्या कमी डोसने नाडी कधीकधी आणखी मंदावते.

म्हणून आकडेमोडीच्या आधी एकच प्रश्न विचारायचा: एक अँप्युल पुरेल का? ०.६ च्या अँप्युलमधून १ निघणार नाही, दुसरी फोडावी लागणार. मग उत्तर १ मिलीपेक्षा कमी आलं की कुठेतरी चुकलंय हे कागद न बघताही कळतं. प्रौढाच्या एका डोससाठी चार-पाच अँप्युल लागतायत असं दिसलं तरी थांबा. अपवाद असतात (एक खाली आहेच), पण मोजकेच.

टक्के आणि गुणोत्तर

टक्के म्हणजे १०० मिलीत इतके ग्रॅम. त्याला १० ने गुणलं की १ मिलीतले मिलिग्रॅम मिळतात. लिग्नोकेन २ टक्के म्हणजे २० मिग्रॅ, मॅगसल्फ (मॅग्नेशियम सल्फेट) ५० टक्के म्हणजे ५०० मिग्रॅ. बस, एवढंच.

गरोदरपणात झटके आलेल्या बाईला मॅगसल्फ देताना मात्र खरी परीक्षा होते. शिरेतून ४ ग्रॅम द्यायचे, तेही २० टक्के करून. २ मिलीच्या अँप्युलमध्ये १ ग्रॅम, म्हणजे चार अँप्युल, ८ मिली. ते पातळ करून *एकूण* २० मिली करायचे, म्हणजे वर १२ मिली घालायचे. इथे हमखास कुणीतरी २० मिली घालतं. मग होतात २८ मिली, आणि ठरल्याप्रमाणे २० मिली दिले की अंगात तीन ग्रॅमही जात नाहीत. त्यात त्याच बाईला दोन्ही कमरेत ५-५ ग्रॅम द्यायचे ते पातळ न करता, प्रत्येकी १० मिली. एकाच ट्रेमध्ये एकाच औषधाच्या दोन तीव्रता! सिरिंजवर चिकटपट्टी लावून लिहिल्याशिवाय ती खाली ठेवूच नये.

अ‍ॅड्रेनॅलिनचंही तसंच. १:१००० म्हणजे १००० मिलीत १ ग्रॅम, अर्थात १ मिलीत १ मिग्रॅ. १:१०,००० म्हणजे १ मिलीत ०.१ मिग्रॅ. आकडा मोठा, औषध पातळ. इथेच नवख्याचा गोंधळ होतो. तीव्र अ‍ॅलर्जीत प्रौढाला मांडीच्या स्नायूत ०.५ मिग्रॅ, म्हणजे १:१००० चं अर्धा मिली. तेच अर्धा मिली कुणी पातळ (१:१०,०००) करून ठेवलेल्या १० मिलीच्या सिरिंजमधून गेलं तर डोस दहापट कमी. अमेरिकेत २०१६ पासून या औषधाच्या लेबलवरून गुणोत्तर काढून टाकलं आणि सरळ मिग्रॅ प्रति मिली छापायला लागले. शहाणपणाचं केलं. आपण निदान चिकटपट्टीवर तरी तसंच लिहावं.

मायक्रो, मिली आणि ६० मिनिटं

डोपामिनची ड्रिप हे सगळ्यांचं नावडतं गणित. ६० किलोचा रुग्ण, ऑर्डर ५ मायक्रोग्रॅम प्रति किलो प्रति मिनिट. २०० मिग्रॅच्या दोन अँप्युल ५०० मिलीच्या बाटलीत घातल्या, तर १ मिलीत ०.८ मिग्रॅ, म्हणजे ८०० मायक्रोग्रॅम. (अँप्युलचे १० मिली वाढले त्याचा कीस काढत बसू नका.) ५ गुणिले ६०, म्हणजे मिनिटाला ३०० मायक्रोग्रॅम. ३०० भागिले ८०० बरोबर ०.३७५ मिली, हे मिनिटाचं. तासाचं काढायला ६० ने गुणा: २२.५ मिली. पंपावर ०.३७५ टाकून ‘बीपी का वाढत नाही’ म्हणत बसणारे असतात. ते शेवटचे ६० विसरलेले असतात.

पंप नसेल तर मायक्रोड्रिप सेट. त्यात १ मिलीचे ६० थेंब आणि तासाची मिनिटंही ६०, त्यामुळे तासाचे मिली तेवढेच मिनिटाचे थेंब: २२-२३. पण गाडीत मायक्रोड्रिप संपला आणि साधा २० थेंबांचा सेट लावला, थेंब मात्र तेवढेच ठेवले, तर रुग्णाला ५ ऐवजी १५ मायक्रोग्रॅम जातात. बीपी झपाट्याने वर गेलं, नाडी धावायला लागली, तर आधी सेटच्या पाकिटावरचा आकडा बघा.

मुलाचं वजन

‘असेल दहा-बारा किलो’ यावर डोस काढू नका. अंगणवाडीत वजन होत असेल तर आईकडच्या कार्डावर ते लिहिलेलं असतं, मागून घ्या. उंचीवरून वजन सांगणारी पट्टी परदेशी मुलांवर बेतलेली आहे. आपल्या मुलांचं, विशेषतः १० किलोच्या वरच्यांचं, वजन ती जास्त दाखवते. अ‍ॅड्रेनॅलिन ०.०१ मिग्रॅ प्रति किलो, म्हणजे १० किलोला १:१००० चं ०.१ मिली. हे ५ मिलीच्या सिरिंजमध्ये मोजता येत नाही, १ मिलीची घ्या. आणि अंगाने थोराड मुलगा असला तरी हिशेब प्रौढाच्या डोसवर थांबतो.

इन्सुलिन

रुग्ण एका हॉस्पिटलातून दुसऱ्यात हलवताना हे पुढ्यात येतं. आपल्याकडे १ मिलीत ४० युनिटची आणि १०० युनिटची, अशा दोन्ही व्हायल (औषधाच्या बाटल्या) मिळतात. ४० ची सिरिंज लाल टोपणाची, १०० ची केशरी. १०० ची व्हायल ४० च्या सिरिंजने १० च्या खुणेपर्यंत ओढली तर जातात २५ युनिट. इथे गणित करायचंच नाही, जुळणारी सिरिंज शोधायची.

लिहिताना, ऐकताना

‘.५’ लिहू नका, टिंब पुसट झालं की ५ होतात, ‘०.५’ लिहा. ‘५.०’ ही नको, ते ५० वाचलं जातं. युनिटसाठी इंग्रजी ‘यू’ काढला तर शून्यासारखा दिसतो, पूर्ण शब्द लिहा. फोनवरच्या ऑर्डरमध्ये फिफ्टीन आणि फिफ्टी सारखेच ऐकू येतात, सायरन चालू असताना तर नक्कीच. ‘वन फाइव्ह, पंधरा मिलिग्रॅम’ असं परत म्हणून दाखवा, डॉक्टरांकडून हो येऊ द्या आणि मगच अँप्युल फोडा.