जुन्या गोट्या गोळा करताय? या चुका टाळा: आधी टोकं बघा, मग नाव घ्या

मला दर काही दिवसांनी कुणी ना कुणी गोटीचा फोटो पाठवतं. फोटो अंधुक, गोटी तळहातावर, एकच बाजू दिसतेय आणि खाली प्रश्न: "ही कोणत्या कंपनीची? किती येतील?" गोटी फिरवून बाकीच्या बाजू दाखवा म्हटलं की समोरचा वैतागतो. नक्षी दिसतेय ना, मग अजून काय हवं? अहो, नक्षी आणि रंग सगळ्यात शेवटी बघायचे असतात. गोटी कशी घडली ते आधी शोधायचं, आणि त्याचा पुरावा बहुतेक वेळा तिच्या दोन टोकांवर असतो. ती टोकं न बघता केलेल्या त्याच त्या चुका बघून कंटाळा आलाय, म्हणून एकदाच्या लिहून टाकतो.

नाव आधी, गोटी नंतर

जर्मनीत थुरिंगियामध्ये लाउशा नावाचं काचकामाचं गाव आहे. 1840च्या दशकात तिथे गोट्यांची खास कात्री निघाली आणि हाताने केलेल्या काचेच्या गोट्यांचा धंदा फोफावला. रंगीत काचेचे पट्टे आणि धागे रचायचे, त्यांवर पारदर्शक काच चढवायची, तापवून पीळ देत लांब कांडी ओढायची आणि कात्रीच्या खोलगट तोंडात फिरवत फिरवत एकेक गोटी कांडीपासून तोडायची. जिथून ती तुटते तिथे खडबडीत ठिपका राहतो, त्याला पाँटिल म्हणतात. कांडीच्या मधल्या भागातून निघालेल्या गोटीला असे दोन ठिपके असतात, टोकाच्या गोटीला एक. कधी कारागिराने तो घासून किंवा तापवून सपाट केलेला असतो, पण आतले रंगीत धागे त्याच्याकडेच धावताना दिसतात.

यंत्राची गोटी वेगळी. अमेरिकेत ओहायोतल्या अ‍ॅक्रन शहरात मार्टिन क्रिस्टेन्सनला 1905 मध्ये गोट्यांच्या यंत्राचं पेटंट मिळालं. तरी त्याच्या कारखान्यात वितळलेली काच सळईवर हातानेच उचलत, तिचा गोळा कापत आणि मग तो यंत्रात गोल होई. म्हणून त्या गोटीच्या एका टोकाला 9च्या आकड्यासारखी वळी असते आणि दुसऱ्या टोकाला कापल्याची सुरकुती. नवखा ती सुरकुती बघतो, "पाँटिल!" म्हणतो आणि अमेरिकन गोटी एकोणिसाव्या शतकातल्या जर्मनीत नेऊन ठेवतो. अशा वेळी गोटी उजेडासमोर धरून आतलं काम बघा. आत नीट रचलेला गाभा आहे, की दोन रंगांची काच नुसती एकमेकींत घोळली आहे? दुसरं असेल तर जर्मनी विसरा.

पिळाचंही तेच. वळणदार पट्टा दिसला की लगेच "अ‍ॅक्रो अ‍ॅगेटची कॉर्कस्क्रू". अ‍ॅक्रो अ‍ॅगेट ही गोट्यांची अमेरिकन कंपनी 1911 मध्ये अ‍ॅक्रनलाच सुरू झाली, 1914 मध्ये वेस्ट व्हर्जिनियातल्या क्लार्क्सबर्गला गेली आणि 1951 मध्ये बंद पडली. तिच्या खऱ्या कॉर्कस्क्रूत रंगाची पट्टी एका टोकापासून गोटीला वेढे घेत दुसऱ्या टोकापर्यंत जाते आणि वाटेत दोन रंगांच्या पट्ट्या एकमेकींना छेदत नाहीत. वेढे मध्येच मोडले, रंग एकमेकांवर चढले, तर ती साधी स्वर्ल, म्हणजे रंग नुसते घोळलेली गोटी आहे. स्वर्ल वाईट नसते, पण कॉर्कस्क्रूचे पैसे मोजून घेतलेली स्वर्ल वाईट वाटते.

एकाने तर पेटी पुढे करून सांगितलं, "आजोबांच्या लहानपणच्या आहेत, पहिल्या महायुद्धाच्या आधीच्या." वरच्याच थरात पारदर्शक काचेतल्या, मधोमध रंगीत पात्या असलेल्या कॅट्स आय गोट्या. या गोट्यांचा पूर आला तो 1950च्या आसपास, जपानमधून. अमेरिकन कारखान्यांनी त्यानंतर आपापल्या काढल्या. पेटी आजोबांची असेलही, पण त्या घरात पुढेही मुलं वाढली आणि प्रत्येकाने आपल्या गोट्या तिच्यातच टाकल्या. पेटीच्या वयावरून गोटीचं वय ठरवू नका.

पॉलिश

यावर मी जरा जास्त बोलतो, आणि बोलणारच.

ओळखीतल्या एका गृहस्थांना जुन्या कपाटात पत्र्याचा डबा सापडला. फोनवर वर्णन ऐकूनच मी सावरून बसलो: एक चांगली मोठी गोटी, आत पांढऱ्या धाग्यांची जाळी, बाहेरच्या अंगाला लाल-हिरवे पट्टे, दोन्ही टोकांना खडबडीत ठिपके. खेळून खेळून पडलेल्या चंद्रकोरी होत्या, म्हणजे आपटल्यावर पृष्ठभागाखाली उमटते ती अर्धगोल भेग, आणि एक छोटा टवका. मी म्हटलं, काही करू नका, मी येतो. मी पोचेपर्यंत अख्खा डबा दगड घासायच्या फिरत्या पिंपातून निघाला होता. "तुम्हाला नीट दिसाव्यात म्हणून चमकवून ठेवल्या."

गोटी भिंगाखाली धरली. दोन्ही पाँटिल गुळगुळीत, कुठे होते तेही सांगता येईना. लाल पट्ट्यावरची पारदर्शक काच एका बाजूने उडाली होती आणि पट्टाच अर्धा खरवडला गेला होता. त्याची उघडी कड नखाला लागत होती. आणि ज्या चंद्रकोरीपायी हा उद्योग केला, तीच मोठी चंद्रकोर आत जशीच्या तशी, कारण ती खोल होती. कॅलिपर, म्हणजे व्यास मोजायचा चिमटा, फिरवला तर गोटी एका बाजूने चपटी. "आता किती येतील?" त्यांनी उत्साहाने विचारलं. मी विषय बदलला.

मूळ पृष्ठभाग एकदा गेला की परत येत नाही. संग्राहक टवक्याची गोटी थोडी कमी किंमत देऊन घेतो, घासलेली मात्र बाजूला सारतो. फुटकी, सर्रास मिळणारी गोटी आतली नक्षी बघण्यासाठी घासली तर माझी तक्रार नाही, फक्त विकताना तसं सांगा. "पृष्ठभाग पूर्ववत केला आहे" असं गोडगोड लिहिणाऱ्यांचा मला राग येतो. घासलंय म्हणा ना!

विकत घेताना माझी सवय अशी: दिवा एका बाजूला ठेवायचा, गोटी त्या तिरप्या उजेडात दोन बोटांत सावकाश फिरवायची आणि चकाकी कुठे बदलते ते बघायचं. शंभरेक वर्षं जुनी गोटी सगळीकडे सारखी लखलखत असेल, टोकांपाशीही, तर आधी संशय घ्यायचा. हे घाईत होत नाही. विक्रेता मागे उभा राहून "घेताय ना?" करत असेल तर मी गोटी खाली ठेवतो.

बाकीच्या, थोडक्यात

आत सोनेरी चमचम दिसली म्हणून गोटी लुट्झ होत नाही. लुट्झ प्रकारच्या गोट्या हाताने केलेल्या असतात आणि त्यांतली चमक गोल्डस्टोनची, म्हणजे तांब्याचे बारीक कण असलेल्या काचेची. यंत्राच्या काही गोट्यांतही अशी चकाकणारी काच सापडते. तेव्हा पुन्हा टोकांकडे या.

अतिनील टॉर्चखाली हिरवी चमकली म्हणजे काचेत युरेनियम असू शकतं, एवढंच. अशी काच जुन्या काळानंतरही बनली आहे. टॉर्च वय सांगत नाही, पण टॉर्च घेतलेल्या माणसाला हे पटवणं कठीण.

बिनरंगी किंवा फिकट हिरवट, आत काहीच नसलेली गोटी गोटीसोड्याच्या बाटलीतली असू शकते. हायरम कॉडने त्या बाटलीचं पेटंट 1872 मध्ये घेतलं. स्प्रेच्या डब्यात रंग ढवळायला घातलेल्या काचेच्या गोळ्याही लोक पुरातन म्हणून जपून ठेवतात.

अकीक दगडाची गोटी म्हणून काचेची गळ्यात मारली जाते. हाताने घासलेल्या जुन्या अकीकावर भिंगातून बारीक बारीक पैलू दिसतात. काचेत बुडबुडे दिसतात.

गरम पाणी नको. थंड काचेवर ते ओतलं तर ती तडकते आणि आधीची भेग पुढे सरकते. कोमट पाणी, सौम्य साबण, आणि बेसिनच्या तळाशी जाड टॉवेल. ओल्या गोटीइतकं निसटणारं दुसरं काही नाही.

काचेच्या बरणीत भरून शोभेला ठेवू नका. बरणी हलवली की आत नव्या चंद्रकोरी तयार होतात. माझ्या सगळ्या गोट्या कप्प्यांच्या खोक्यात, एका कप्प्यात एक.

माप पट्टीने घेऊ नका, कॅलिपरने घ्या, दोन-तीन दिशांनी. हाताने केलेली गोटी क्वचितच अगदी गोल असते.

आणि तपकिरी किंवा निळ्या झिलईच्या मातीच्या गोट्या, ज्यांना बेनिंग्टन म्हणतात, त्यांवरचे गोल बिनझिलईचे डाग बघून "खराब आहे" म्हणत भाव पाडू नका. भट्टीत गोट्या एकमेकींना चिकटून होत्या, तिथे झिलई बसली नाही. ते डाग असायलाच हवेत.