वैद्यकीय जर्नलला लेख पाठवताय? संदर्भसूची अशी लावा

"मॅडम, नंबरं सगळी हलली की ओ!" ओपीडी आटोपून एक निवासी डॉक्टर उघडा लॅपटॉप हातात धरूनच आमच्या विभागात आला. प्रबंधातून काढलेला लेख त्याला त्याच रात्री पाठवायचा होता. चर्चेतला एक परिच्छेद उडवला, त्यासोबत सहावा संदर्भ गेला आणि सातपासून चौतीसपर्यंतचे आकडे त्याने हाताने बदलले. दोन राहून गेले. त्यामुळे मधुमेहाच्या विधानापुढे कुष्ठरोगाचा लेख येऊन बसला होता. सोलापुरात पदव्युत्तर विद्यार्थ्यांचे लेख वाचताना हा प्रकार मला इतक्यांदा दिसतो, की आता सगळं एकदा नीट लिहून काढते.

आधी जर्नलच्या संकेतस्थळावरच्या लेखकांसाठीच्या सूचना उघडा. वैद्यकीय जर्नलं बहुतेक 'व्हँकुव्हर' पद्धत मागतात, म्हणजे मजकुरात क्रमाने आकडे आणि शेवटी त्याच क्रमाने सूची. १९७८ साली काही वैद्यकीय संपादक कॅनडातल्या व्हँकुव्हर शहरात जमले, म्हणून हे नाव. त्यांच्या गटाचीच पुढे आयसीएमजेई ही वैद्यकीय जर्नलांच्या संपादकांची आंतरराष्ट्रीय समिती झाली. पण पद्धत एक असली तरी घराघरात फरक असतो. कुणी सहा लेखकांची नावं देऊन पुढे 'एट अल' (आणि इतर) लिहा म्हणतं, कुणी तिनांवरच थांबतं. मजकुरातला आकडा कुठे वर उचललेला असतो, कुठे चौकटी कंसात. म्हणून त्याच जर्नलचा, तुमच्याच प्रकारचा एक ताजा लेख उतरवून शेजारी ठेवा. सूचनांमध्ये जे कळत नाही ते तिथे डोळ्यांना दिसतं.

दुसरं, आकडे हाताने टाकू नका. संदर्भ सांभाळणारं सॉफ्टवेअर वापरा. झोटेरो फुकट आहे, मेंडेली किंवा एंडनोट वापरत असाल तर तेही चालेल. पबमेड या वैद्यकीय लेखांच्या ऑनलाइन सूचीवरचा पीएमआयडी (लेखाचा तिथला क्रमांक) किंवा लेखाचा डीओआय (त्याचा कायमचा ऑनलाइन क्रमांक) टाकला की नोंद आपोआप येते. परिच्छेद उडवा, वर-खाली करा, क्रम आपोआप सुधारतो. हे लेख संपत आल्यावर नव्हे, पहिला लेख वाचायला घ्याल त्या दिवशी सुरू करा.

मात्र आलेली नोंद तपासावी लागतेच. ती कशी, ते एका उदाहरणावर पाहू. महाडच्या डॉ. हिंमतराव आणि डॉ. प्रमोदिनी बावसकर यांचा विंचूदंशावरचा अभ्यास घेते, कारण विंचू आपल्याकडेही आहे आणि हे काम प्रत्येक निवासी डॉक्टरने वाचायला हवं. प्रत्यक्षात संदर्भ रोमन लिपीत जातो, इथे चिन्हं दिसावीत म्हणून देवनागरीत लिहिते:

बावसकर एचएस, बावसकर पीएच. एफिकसी अँड सेफ्टी ऑफ स्कॉर्पियन अँटिव्हेनम प्लस प्राझोसिन कम्पेअर्ड विथ प्राझोसिन अलोन फॉर व्हेनमस स्कॉर्पियन (मेसोब्युथस टॅम्युलस) स्टिंग: रँडमाइज्ड ओपन लेबल क्लिनिकल ट्रायल. बीएमजे. २०११;३४२:सी७१३६.

आडनाव आधी, मग आद्याक्षरं. त्यांच्यामध्ये ना स्वल्पविराम, ना टिंब. पतीपत्नी दोघांचं आडनाव एकच, ओळख फक्त आद्याक्षरांवर. तिथे एक अक्षर चुकलं तर एकाचं काम दुसऱ्याच्या नावावर जातं. शीर्षकात रोमन मोठं अक्षर फक्त पहिल्या शब्दाला आणि विशेषनामांना. विंचवाच्या शास्त्रीय नावातही पहिलं अक्षर मोठं राहतं. वर्षानंतर अर्धविराम, खंडानंतर कोलन, मध्ये मोकळी जागा नाही. आणि शेवटी पानं नाहीत, लेखाचा क्रमांक आहे. ऑनलाइन निघणाऱ्या लेखांना पुष्कळदा पान क्रमांक नसतातच, तिथे '१-६' असं स्वतःच्या मनाने लिहू नका.

पानं असतील तेव्हा काय? डॉल आणि हिल यांचा धूम्रपान आणि फुफ्फुसाच्या कर्करोगावरचा १९५० सालचा प्रसिद्ध लेख पाहा: १९५०;२(४६८२):७३९-४८. कंसात अंक क्रमांक, आणि ७४८ मधला सात पुन्हा लिहायचा नाही. काही जर्नलं पूर्ण आकडा मागतात, तिथे ७४८ लिहा.

जर्नलचं नाव एनएलएमच्या (अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यकीय ग्रंथालयाच्या) यादीतल्या संक्षेपाने लिहायचं. 'जर्नल ऑफ द असोसिएशन ऑफ फिजिशियन्स ऑफ इंडिया'ला आपण बोलताना 'जापी' म्हणतो, पण सूचीत 'जे असोक फिजिशियन्स इंडिया' असंच जातं. लॅन्सेटसारखं एका शब्दाचं नाव तोडायचं नाही.

नावांकडे आपण सोलापूरकरांनी जास्त लक्ष द्यायला हवं. आपल्या वॉर्डात मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू बोलणारे डॉक्टर शेजारी शेजारी काम करतात. कुणाचं आडनाव आधी येतं, कुणाचं शेवटी, कुणाला आडनावच नसतं, नुसतं वडिलांच्या नावाचं अक्षर. अंदाजाने उलटापालट करू नका. मूळ लेख आणि पबमेड यांत नाव कसं आहे ते पाहून तसंच ठेवा. आपलं नाव कुणी उलटं छापलं तर आपल्याला किती लागतं!

आता क्रमांक. मजकुरात जो स्रोत आधी येईल तो एक, पुढचा दोन, आणि तोच स्रोत पुन्हा आला तरी त्याचा आकडा तोच. चूक हमखास होते ती तक्त्यात. तक्त्याचा पहिला उल्लेख आठव्या संदर्भानंतर असेल, तर तक्त्यातले नवे संदर्भ नऊपासून सुरू होतात. आपण तक्ते फाईलच्या शेवटी लावतो, त्यामुळे सॉफ्टवेअर त्यांना शेवटचे आकडे देतं. हे डोळ्यांनीच पाहायला हवं.

सरकारी अहवालात लेखकाच्या जागी संस्थेचं नाव येतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण २०१९-२१ असेल तर ते करणाऱ्या आयआयपीएस आणि आयसीएफ या संस्था लेखक, मग शीर्षक, मुंबई, प्रकाशक, २०२१. संकेतस्थळ असेल तर पाहिल्याची तारीख आणि पूर्ण पत्ता द्या.

हे झालं रूप. माझा खरा आग्रह पुढच्या गोष्टीसाठी आहे: सूचीतला प्रत्येक लेख स्वतः उघडा. दुसऱ्याच्या सूचीतून उचललेला संदर्भ त्याच्या चुकीसकट तुमच्याकडे येतो. एआय चॅटबॉटने दिलेले संदर्भ तर अस्तित्वातच नसतात, असंही होतं. लेखक खरे, जर्नल खरं, पण तो लेख कधी लिहिलाच गेलेला नाही. डीओआय टाका, पबमेडवर शोधा, सापडला नाही तर काढून टाका. सापडला तर तो मागे घेतलेला नाही ना, तेही पाहा. पबमेडवर तशी ठळक सूचना असते, झोटेरोही इशारा देतो. आणि निदान ते वाक्य शोधा ज्याच्या जोरावर तुम्ही तो आकडा टाकला. लेख सांगतो एक आणि आपण म्हणतो दुसरंच, असं अनेकदा निघतं.

पाठवण्याआधी फाईलची प्रत काढा आणि त्या प्रतीत झोटेरोचं 'अनलिंक सायटेशन्स' बटण दाबा, म्हणजे तिथले आकडे साधा मजकूर होतात. मूळ फाईल जिवंत ठेवा, परीक्षक दुरुस्त्या सांगतात तेव्हा तीच लागते.

त्या दिवशी आम्ही दोघं समोरासमोर बसलो. आकडा असलेलं वाक्य तो वाचायचा, मी त्या क्रमांकाचं शीर्षक वाचायचे. तेहतीस संदर्भांना दीड तास लागला. सरकलेले दोन सापडलेच, शिवाय एक लेख दोनदा, दोन वेगळ्या क्रमांकांनी आलेला निघाला. लेख दुसऱ्या दिवशी सकाळी गेला.